फाळक्यापासून सुरू होणारं विमान

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ११ ऑक्टोबर २०२४ ला, नवी मुंबई विमानतळाच्या नव्याकोऱ्या धावपट्टीवर पहिलं विमान उतरलं. उलव्याला बहिणीकडे आम्ही सगळे गच्चीत जमलो होतो. पोरांना सुखोई बघायचं होतं. सुखोई आलं, कानठळ्या बसवून गेलं, पोरं खूश झाली. पण ज्याची चाकं खरोखर धावपट्टीला लागली ते विमान वेगळंच होतं. राखाडी रंग, पोट जमिनीला टेकायच्या बेतात, पंख पार डोक्यावर, मागे शेपटीकडे वर उचललेलं बूड आणि पुढे दोन पंखे. हवाई दलाचं मालवाहू सी-२९५. आठवीतला भाचा म्हणाला, "मामा, हे तर टेम्पोसारखं दिसतंय."

पोरगा थट्टेत बोलला, पण नेमकं बोलला. लष्करी मालवाहू विमानाचा एकेक वेडावाकडा अवयव टेम्पोच्याच हिशेबाने ठरतो. हा हिशेब मला पुस्तकांच्या आधी काकांकडून कळला. काका वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. गाडी आली की ते आधी फाळका बघायचे. फाळका पाडल्यावर हौद्याची फळी धक्क्याच्या बरोबरीला आली, तर एक माणूस ढकलगाडीवरून माल आत नेतो. फळी दोन हात वर राहिली, तर त्याच मालाला चार माणसं लागतात, पाठी मोडतात आणि वेळ जातो तो वेगळाच. लोकलचा प्लॅटफॉर्म आणि डब्याचं पाऊल यांत एक वीत फरक असला तर काय होतं, हे मुंबईकराला सांगायला नको.

लढाऊ विमान आखताना वेग आणि शस्त्रं आधी येतात, प्रवासी विमानात खुर्च्या आणि तिकिटाचा खर्च. मालवाहू लष्करी विमानाचा आराखडा सुरू होतो जमिनीपासून, म्हणजे विमानाच्या आतल्या फरशीपासून. ही फरशी ट्रकच्या हौद्याएवढ्या उंचीवर हवी, साधारण एक मीटर. विमान उभं असताना ती सपाट हवी. आणि मागचं दार पोटाएवढंच रुंद हवं, म्हणजे जीप थेट चालवत आत नेता येईल. एवढ्या तीन अटी कागदावर लिहिल्या की उरलेलं विमान जवळजवळ आपोआप कुरूप होत जातं.

आधी पंख बघू. प्रवासी विमानात पंखांचा मुख्य कणा प्रवाशांच्या पायाखालून, फरशीच्या खालून आरपार जातो. त्या पंखांखाली इंजिनं लोंबतात आणि ती जमिनीला घासू नयेत म्हणून सगळं विमान उंच पायांवर उभं करावं लागतं. बोइंग ७४७ ची मुख्य फरशी जमिनीपासून जवळपास पाच मीटर वर असते, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या आसपास. मुंबईच्या सहार विमानतळावर माल वर चढवणाऱ्या यंत्रांची रांग उभी असते, तिथे हे चालतं. लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीच्या उंचावरच्या कच्च्या पट्टीवर ते यंत्र आधी कोण नेऊन ठेवणार? म्हणून मालवाहू विमानात पंखांचा कणा छतावरून जातो आणि फरशी खाली येऊन बसते. इंजिनंही वर जातात. मुरमाड पट्टीवरचे खडे-गोटे उडाले तरी पंख्यांना सहसा लागत नाहीत, हा वरचा फायदा.

पण पंख वर नेले की चाकांची पंचाईत होते. खाली पंख असलेल्या विमानात चाकं पंखांच्या मुळाशी दुमडतात. वरच्या पंखांतून चाकं काढायची तर पाय करकोच्यासारखे लांबलचक होतील. म्हणून ती पोटाच्या दोन्ही कुशींना, बाहेर फुगवलेल्या कप्प्यांत ठेवतात. गच्चीवरून बघताना त्या सी-२९५ ला गालफुगी झाल्यासारखं दिसत होतं, ते हेच कप्पे. चाकं एका मागे एक असतात आणि पुष्कळ असतात. अवाढव्य मालवाहू सी-१७ ला पुढची धरून चौदा चाकं आहेत. चिखलात लाकडी फळी टाकून तिच्यावर उभं राहिलं की पाय रुतत नाही, तसंच वजन बऱ्याच टायरांवर वाटलं की कच्ची पट्टी खचत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या आराडो २३२ या विमानाच्या पोटाखाली तर छोट्या चाकांची लांबच लांब रांग होती. सैनिक त्याला हजारपायी किडा म्हणायचे. वरचा पंख, चौकोनी पोट, मागून उघडून खाली येणारा उतार (रॅम्प), ओबडधोबड जमिनीवर बसू शकणारी चाकं हे सगळं एकत्र त्या विमानात १९४१ मध्येच आलं होतं. बनली मात्र मोजकीच.

आता शेपूट. घरी चपलांचा पुठ्ठ्याचा खोका असेल तर हातात घ्या. झाकण लावून पिळा, तो फारसा हलत नाही. झाकण काढून पिळा, लगेच वेडावाकडा होतो. विमानाचं पोट म्हणजे बंद नळकांडं. त्याच्या मागच्या टोकाला खालून भलंमोठं भगदाड पाडायचं म्हणजे झाकण काढण्यासारखंच. त्यात त्याच टोकावर शेपटीचे पंख बसलेले, आणि तेच विमानाला वरखाली-आजूबाजूला वळवतात. मग भगदाडाच्या कडेने जाड चौकटी बसवाव्या लागतात, वजन वाढतं. शिवाय उतार खाली पडायला जागा हवी म्हणून मागचा भाग वर उचलावा लागतो. त्या उचललेल्या बुडाखाली हवा घुसळते आणि विमानाला मागे खेचते. इंधन जास्त जळतं. मागच्या दाराची ही किंमत प्रत्येक उड्डाणाला, रिकाम्या परतीलासुद्धा, मोजावी लागते.

आणि उंचावर आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ते प्रचंड दार सतत बाहेर ढकललं जात असतं. ४ एप्रिल १९७५ ला व्हिएतनाममधल्या सायगावहून अनाथ मुलांना घेऊन निघालेल्या अमेरिकी सी-५ विमानाच्या मागच्या दाराची कुलुपं निसटली. दार तुटून गेलं आणि जाताना शेपटीकडच्या नियंत्रणाच्या तारा-नळ्या तोडून गेलं. वैमानिकांनी मुख्यतः इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान परत वळवलं, पण ते विमानतळाच्या अलीकडे भातखाचरांत कोसळलं. बरेच वाचले, शंभराहून अधिक गेले, त्यांत मुलंच जास्त. मालवाहू विमानाचं दार हा आराखड्याचा नुसता एक भाग नाही, सगळ्यात धोक्याचा भाग आहे, हे त्या अपघाताने दाखवलं.

हे शहाणपण एका दिवसात आलं नाही. आपल्याकडे २७ ऑक्टोबर १९४७ ला दिल्लीहून श्रीनगरला सैनिक पोचवले ते डाकोटांनी. डाकोटा मुळात प्रवासी विमान. पंख खाली, दार बाजूला आणि एक चाक शेपटीखाली. त्यामुळे जमिनीवर उभं राहिलं की नाक आकाशाकडे आणि फरशी चढाची. त्या बाजूच्या दारातून जीप आत घालायची, मग तिला वळवून चढावर नेऊन बांधायची. माझ्या काकांनी असली गाडी भरायला नकार दिला असता. तरी डाकोटांनी काश्मीर सांभाळलं. विमान सोयीचं असणं आणि विमानाने काम करून दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कबूल करायला हवं.

पुढे आलं फेअरचाइल्ड पॅकेट. त्याच्या पोटामागे शेपूटच नव्हती. दोन इंजिनांच्या मागून दोन दांडे निघत, त्यांच्यावर शेपूट बसवलेली. मध्ये पोट मोकळं, मागून पूर्ण उघडणारं. दाराचा प्रश्न असा बगल देऊन सोडवलेला. हिमालयात या विमानाचा दम कमी पडायला लागला तेव्हा हवाई दलाने त्याच्या पाठीवर आणखी एक छोटं जेट इंजिन बसवलं. १९६२ च्या जुलैमध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं. उंची १६ हजार फुटांच्या वर. तिथे आजही चांगलं धडधाकट माणूस पायऱ्या चढताना थांबतं.

खरी घडी बसवली ती सी-१३० ने. कोरियाच्या युद्धात अमेरिकेची मालवाहू विमानं अपुरी पडली आणि १९५१ मध्ये तिथल्या हवाई दलाने नवीन विमानाची मागणी काढली. ९२ प्रवासी किंवा ६४ छत्रीधारी सैनिक बसावेत, आखूड कच्च्या पट्टीवर उतरावं, एक इंजिन बंद पडलं तरी उडत राहावं. लॉकहीडमध्ये विलिस हॉकिन्स यांच्या चमूने आराखडा काढला. त्याच कंपनीतले नामवंत अभियंते केली जॉन्सन, ज्यांच्या डोक्यातून जगातली सगळ्यात देखणी आणि वेगवान विमानं निघाली, त्यांना हे ध्यान अजिबात आवडलं नाही. हे कंपनी बुडवेल असं त्यांचं मत होतं. २३ ऑगस्ट १९५४ ला ते पहिल्यांदा उडालं. सत्तर वर्षं उलटली, अडीच हजारांहून जास्त बनली, कारखाना अजून चालू आहे. देखण्या माणसांनी टेम्पोबद्दल मत देऊ नये, एवढंच मी म्हणेन.

सी-१३० च्या यशात फरशी-दाराएवढाच वाटा इंजिनाचा आहे. टर्बोप्रॉप म्हणजे आत जेट इंजिनच, पण त्याची बहुतेक ताकद मागच्या झोताऐवजी पुढचा पंखा फिरवायला लावलेली. साधं जेट थोडी हवा फार जोरात मागे फेकतं. पंखा भरपूर हवा बेताने ढकलतो. कमी वेगात दुसरा प्रकार इंधनाला परवडतो. शिवाय पंख्याने ढकललेली हवा थेट विमानाच्या पंखावरून वाहते, म्हणजे विमान सावकाश चाललेलं असलं तरी पंखाला वाटतं आपण जोरात चाललोय, आणि उचल मिळते. हे सावकाश उतरणं फार मोलाचं आहे, कारण थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट तर अंतर चौपट. चाकं टेकली की पंख्याची पाती उलट्या कोनात वळवायची, तोच पंखा ब्रेक होतो. नवी मुंबईची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. सी-२९५ ला तिचा एक कोपरा पुरतो. चाळीतल्या खोलीत राहणाऱ्याला एकदम बंगला मिळावा तसं त्या विमानाला वाटलं असेल.

उंचीवर मात्र चित्र पालटतं. १६-१७ हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास येते. इंजिनाला हवा कमी, पंख्याला ढकलायला हवा कमी, पंखांना उचलायलाही कमी. तिन्हीकडून मार. आपल्या हवाई दलाला उन्हाळ्यातही आणि उंचीवरही चालणारं विमान हवं होतं, म्हणून सोव्हिएत संघात जुन्या अँटोनोव्हला जास्त ताकदीची इंजिनं लावून एएन-३२ तयार झालं. इंजिन मोठं म्हणून पंखाही मोठा, आणि तो जमिनीला लागू नये म्हणून इंजिनं पंखाच्या वर बसवली. कुठे एएन-३२ चा फोटो दिसला तर बघा, खांद्यावर पोती घेतल्यासारखी ती इंजिनं दिसतात. १९८४ पासून शंभराहून जास्त एएन-३२ आपल्याकडे आली. २००८ मध्ये एका एएन-३२ ने दौलत बेग ओल्डीची पट्टी ४३ वर्षांनी पुन्हा जागी केली आणि २० ऑगस्ट २०१३ ला तिथे सी-१३०जे उतरलं.

सी-१७ ला जेट इंजिनं आहेत, तरी ते सुमारे हजार मीटरच्या पट्टीवर उतरू शकतं, पोटात ७७ टनांपर्यंत माल घेणारं विमान असूनही. त्याची युक्ती अशी: उतरताना पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली झुकतात ते थेट इंजिनांच्या झोतात. झोत फ्लॅपवर आदळून खाली वळतो आणि विमान जणू स्वतःच्याच झोतावर टेकतं. त्या धगीत टिकतील असे फ्लॅप बनवणं हे मोठं काम होतं. थांबायला वापरायचा उलटा झोतही पुढे आणि वर फेकला जातो, त्यामुळे धूळ उडत नाही आणि इंजिनं चालू ठेवून मागून माल उतरवता येतो.

आता विमानाच्या आत जाऊ. मला सगळ्यात जास्त आवडतो तो हा भाग, आणि लोक सहसा तोच सोडून देतात. काका म्हणायचे, गाडी भरताना डोळा मालावर नको, चाकांवर हवा. सगळा कांदा मागे टाकला तर घाटात पुढची चाकं हलकी होतात. विमानाला तर हवेत चाकंच नाहीत. ते एका बिंदूभोवती तोललेलं असतं, तो गुरुत्वमध्य. हिशेब सोपा आहे. २० टनांच्या विमानात २ टनांची जीप ३ मीटर मागे सरकली, तर गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर मागे जातो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एवढ्या विमानात पुढेमागे मिळून मोकळीक असते ती साधारण हातभर. त्यापलीकडे गेलं की शेपटीच्या पंखांनी कितीही जोर लावला तरी नाक खाली येत नाही.

म्हणून मालवाहू विमानात लोडमास्टर नावाचा माणूस असतो. प्रत्येक नग किती वजनाचा, कुठे ठेवायचा, कशाने बांधायचा हे तो ठरवतो. फरशीत जागोजागी पोलादी कड्या असतात. माल असा बांधायचा की पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या तिप्पट हिसका बसला तरी सुटू नये, आणि मागे वा बाजूला दीडपट. बेस्टच्या बसने अचानक ब्रेक मारला की मागचे सगळे पुढे येतात, त्यामुळे पुढच्या दिशेचा आकडा सगळ्यात मोठा का, हे वेगळं सांगायला नको. २९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानात बगराम तळावरून पाच चिलखती गाड्या घेऊन एक मालवाहू ७४७ उडालं. नाक वर करताच निदान एक गाडी सुटून मागे गेली आणि तिने शेपटीकडची यंत्रणा मोडली. काही क्षणांत विमान खाली आलं. सातही कर्मचारी गेले. विमान नागरी होतं, माल लष्करी. पट्टे कमी पडले.

हवेतून माल टाकताना तर हा तोल मुद्दाम बिघडवायचा असतो. मागचं दार उघडं, छत्री उघडून पाच टनांचा नग रुळांवरून मागे धावतो. क्षणभर सगळं वजन शेपटीकडे, नाक वर जायला बघतं. मग नग बाहेर पडतो आणि विमान एकदम हलकं होतं. त्या दोन-तीन सेकंदांत वैमानिक काय करेल, हे आराखडा काढणाऱ्याने आधीच कागदावर मांडलेलं असतं. माल ज्या पत्र्याच्या फळ्यांवर ठेवतात त्यांचं मापही ठरलेलं आहे, ८८ बाय १०८ इंच. बाहेर ॲल्युमिनियम आणि आत बाल्सा हे हलकं लाकूड. अंतराळयुगातल्या विमानात अजून सुताराचा माल आहे, याची मला गंमत वाटते.

जागा आणि वजन हाही वेगळा विषय. कापसाच्या गाठींनी जागा आधी भरते, लोखंडाच्या सळयांनी वजन आधी भरतं. लष्कराच्या बाबतीत बहुतेक वेळा जागाच संपते, आणि गंमत म्हणजे सी-१३० च्या पोटाच्या मापावरून कितीतरी लष्करी गाड्यांची रुंदी-उंची ठरली. गाडी विमानात बसेना, तर कधी कधी गाडीच बदलावी लागली.

अशी विमानं तयार व्हायला एवढी वर्षं का लागतात? आराखडा अवघड, हे एक. ऑक्टोबर १९९२ मध्ये सी-१७ चा पंख चाचणीत दीडपट भार सोसणं अपेक्षित असताना १२८ टक्क्यांनाच दुमडला आणि तो पुन्हा आखावा लागला. पण माझ्या मते त्याहून मोठं कारण म्हणजे एकाच विमानाकडून अनेक मालकांना अनेक गोष्टी हव्या असतात. युरोपच्या ए४००एमचं उदाहरण घ्या. सात देशांनी २००३ मध्ये मिळून १८० विमानांचा करार केला. इंजिन युरोपातच बनवायचं ठरलं, तेही प्रत्येकी अकरा हजार अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप. पहिलं उड्डाण डिसेंबर २००९ मध्ये झालं. खर्च वाढला, वेळ लांबला. ९ मे २०१५ ला स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये एक नवंकोरं ए४००एम चाचणी उड्डाणात कोसळलं, कारण चारपैकी तीन इंजिनांच्या संगणकातून पंख्याचा जोर मोजायची आकडेवारी चुकून पुसली गेली होती. लोखंड, पाती, गिअर सगळं धडधाकट होतं.

त्या मानाने सी-२९५ ची गोष्ट साधी आहे, आणि म्हणूनच ती यशस्वी झाली असं मला वाटतं. स्पेनच्या कासा कंपनीने इंडोनेशियाबरोबर सीएन-२३५ केलं होतं. त्याचंच पोट तीन मीटरने लांबवलं, जास्त जोराची इंजिनं दिली आणि १९९७ मध्ये सी-२९५ उडालं. आपल्या गल्लीतला गॅरेजवालाही असंच करतो. चालणारी गाडी घेतो आणि हौदा वाढवतो. ७१ सैनिक किंवा नऊ टनांच्या आसपास माल, किंवा २४ स्ट्रेचर.

आपण ती घेतली हवाई दलाच्या एव्रो या जुन्या विमानांच्या जागी. एव्रो १ नोव्हेंबर १९६१ ला कानपूरला पहिल्यांदा उडालं, भारतात जुळवलेलं. देखणं, खालच्या पंखाचं, बाजूच्या दाराचं. म्हणजे पुन्हा डाकोटाचीच अडचण. त्याला बदली शोधायला २०१२-१३ मध्ये सुरुवात झाली आणि करारावर सह्या झाल्या सप्टेंबर २०२१ मध्ये. ५६ विमानं, जवळपास २२ हजार कोटी रुपये. सोळा स्पेनमधून तयार आली, चाळीस बडोद्याला टाटांच्या कारखान्यात बनणार. बोरिवलीहून सकाळची गाडी पकडली तर दुपारच्या जेवणाला बडोदा येतं, इतक्या जवळ.

भाच्याला हे सगळं गच्चीतच सांगत बसलो होतो. त्याचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं. शेवटी त्याने एकच विचारलं, "पण मामा, रिकामं परत येताना त्याला त्रास नाही का होत?" काकांना हाच प्रश्न नाशिकला कांदा आणायला जाणारी गाडी बघून पडायचा. होतो, बाळा. रिकामं पोट, तेच जड दार, तीच चौकट, तेच घुसळणारं बूड. म्हणून लष्कर ते शक्यतो रिकामं आणतच नाही. परतीच्या फेरीला जखमी येतात, सुट्टीवर निघालेले जवान येतात, नादुरुस्त इंजिनं येतात, आणि लेहहून निघालेल्या एखाद्या फेरीत जर्दाळूची खोकीही येत असतील तर मला नवल वाटणार नाही.